सहा मिनिटांची चौकशी आणि बेचाळीस दिवस

कॅलिफोर्नियातल्या अर्वाइनहून एका वाचकाचं साडेतीन पानांचं पत्र आलं आहे. तीन पानांत संताप, अर्ध्या पानात प्रश्न आणि सगळ्यात खाली ‘ता. क.’ म्हणून एक ओळ.

संतापाला कारण आहे. ऑक्टोबरात त्यांच्या पत्नी मैत्रिणीबरोबर सांता आनाला खरेदीला गेल्या होत्या. पार्किंगमध्ये इमिग्रेशनच्या, तोंडं झाकलेल्या तिघांनी त्यांना अडवलं, आधी स्पॅनिशमध्ये आणि मग इंग्रजीत ‘जन्म कुठला’ असं विचारलं. ‘पुणे’ हे उत्तर त्यांच्या पचनी पडायला सहा मिनिटं लागली. मग लायसन्स पाहून ते निघून गेले. वाचक विचारतात: रंग बघून माणसाला अडवणं कायद्यात बसतं का? दावा ठोकता येईल का? आणि पुढच्या वर्षी काँग्रेसच्या निवडणुकीत पारडं फिरलं, तर हे थांबेल का?

आता ती तळाची ओळ: ‘ता. क. पत्नीचा आय-९४ वेबसाइटवर पाहिला, तर २० जून २०२५ दाखवतोय. आमचं आय-७९७ सप्टेंबर २०२७ पर्यंत आहे, त्यामुळे वेबसाइटची चूक असावी.’

आय-९४ म्हणजे या देशात कुठल्या तारखेपर्यंत राहता येईल याची सरकारी नोंद, आणि आय-७९७ म्हणजे अर्ज मंजूर झाल्याची नोटीस. चूक वेबसाइटची नाही, तुमची आहे. आणि जे तळाला ढकललंत, ते पत्राच्या पहिल्या ओळीत हवं होतं. याच अर्थाची पत्रं मला या वर्षात फ्रिस्कोहून आली, एडिसनहून आली. सगळीकडे गोष्ट एकच. जानेवारीत भारतातून परत आलात तेव्हा पत्नीच्या पासपोर्टची मुदत २० जूनला संपत होती. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं एच-४ चा, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या पत्नीचा, मुक्काम पासपोर्टच्या मुदतीपुरता दिला. त्याला तसा अधिकार आहे आणि ते तो नेहमी करतो. एप्रिलमध्ये तुम्ही पासपोर्ट नवा करून घेतलात. छान केलंत. पण नवा पासपोर्ट आला म्हणून आय-९४ वरची तारीख आपोआप पुढे सरकत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज लागतो आणि तो २० जूनच्या आत करायचा असतो.

व्हिसा आणि आय-९४ यांतला फरक मी इथे पुन्हा उगाळत बसणार नाही. अकरा वर्षं अमेरिकेत काढलेल्या माणसाला तो ठाऊक असायला हवा. फक्त एवढंच सांगते की ज्या आय-७९७ चा तुम्ही आधार घेता, तो जानेवारीच्या प्रवासाआधीचा आहे. सरकारनं सगळ्यात शेवटी दिलेला कागद राज्य करतो, आणि शेवटचा कागद विमानतळावरचा आहे.

तेव्हा २१ जून हा तुमच्या पत्नीच्या बेकायदा वास्तव्याचा पहिला दिवस. हे लिहिते आहे त्या ५ नोव्हेंबर २०२५ ला एकशे अडतिसावा दिवस चालू आहे. एकशे ऐंशीवा दिवस १७ डिसेंबरला येतो. उरले बेचाळीस.

या एकशे ऐंशीच्या आकड्यावर सगळं अडलं आहे. त्याहून जास्त दिवस बेकायदा राहून जो देश सोडतो, त्याला तीन वर्षं परत येता येत नाही. वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिला, तर दहा वर्षं. यातली खोच अशी की बंदी लागू होते ती बाहेर पडल्यावर. आत बसून राहिलात तर काही घडत नाही, फोन वाजत नाही, नोटीस येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात एखाद्या लग्नासाठी पुण्याला गेलात की परतीच्या वाटेवर कळतं. माझ्याकडे रडत येणारे बहुतेक अशील इथेच सापडलेले असतात.

आणि पक्षांचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगते. हे कलम ट्रम्प यांनी आणलेलं नाही. १९९६ साली रिपब्लिकन बहुमताच्या काँग्रेसनं ते मंजूर केलं आणि ३० सप्टेंबरला बिल क्लिंटन यांनी, म्हणजे डेमोक्रॅट अध्यक्षांनी, त्यावर सही केली. तेव्हापासून दोन्ही पक्षांचे अध्यक्ष आले आणि गेले, कलम जागच्या जागी आहे. २०१२ साली ओबामांच्या कारकिर्दीत चार लाखांहून अधिक लोकांना देशाबाहेर काढलं गेलं. चोरीसारख्या गुन्ह्याच्या नुसत्या आरोपावरून बेकायदा रहिवाशाला डांबायला लावणारा या जानेवारीतला लेकन रायली कायदा सिनेटमध्ये बारा डेमोक्रॅट सदस्यांच्या मतांसह मंजूर झाला. पक्षापक्षांत फरक नाही असं मी म्हणत नाही. रस्त्यावर तोंड झाकून माणसं कोण उतरवतं, हे तुम्हाला पार्किंगमध्ये दिसलंच आहे. पण तुमच्या ग्रुपवर अर्धे लाल (रिपब्लिकन), अर्धे निळे (डेमोक्रॅट) होऊन जे भांडतात, त्यांच्यापैकी कुणाचाही पक्ष १७ डिसेंबरची तारीख हलवणार नाही. काल कॅलिफोर्नियानं प्रस्ताव ५० मंजूर केला. त्यानं मतदारसंघांच्या सीमा हलतील. काँग्रेसची निवडणूक ३ नोव्हेंबर २०२६ ला आहे. तोवर थांबलात तर तुमच्या पत्नी तीन वर्षांच्या नव्हे, दहा वर्षांच्या बंदीच्या खात्यात जाऊन बसलेल्या असतील.

आता रंगाचा प्रश्न. तो खरा आहे आणि त्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. जुलैत लॉस एंजेलिसच्या जिल्हा न्यायाधीशांनी आदेश दिला होता की नुसता वंश, स्पॅनिश बोलणं किंवा इंग्रजीतला हेल, विशिष्ट ठिकाणी उभं असणं आणि कामाचा प्रकार, एवढ्यावरच कुणाला अडवू नये. ऑरेंज काउंटीही त्या आदेशात येत होती. ८ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी त्याला स्थगिती दिली, तीही बहुमताची कारणमीमांसा न देता. लिहिलं ते एकट्या न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी: केवळ वंश पुरेसा नाही, पण इतर गोष्टींबरोबर तो विचारात घेता येतो, आणि जो कायदेशीर आहे, तो तसं सांगून लवकर मोकळा होतो. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी त्याविरुद्ध जे लिहिलं, ते सवडीनं वाचा. मला ते पटतं. पण माझ्या पटण्यानं स्थगिती उठत नाही. मूळ खटला चालूच आहे, आणि तो कधी संपेल हे विचारू नका.

हा विचार काही आजचा नाही. तुम्ही सान डिएगोहून परतताना आय-५ वर सान क्लेमेंटीजवळ जो तपासणी नाका लागतो, तिथल्याच एका गाडीवरून सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ चा निकाल आला. गाडीतली माणसं मेक्सिकन वंशाची दिसतात, एवढ्या एका कारणावर गस्तीपथकानं गाडी थांबवली होती. न्यायालय म्हणालं, एवढं एकच कारण चालणार नाही. पण ‘मेक्सिकन दिसणं’ हा एक मुद्दा म्हणून धरता येईल. पन्नास वर्षं ते वाक्य पुस्तकात पडून होतं. आता ते कामाला लावलं आहे, आणि त्या जाळ्यात कोथरूडचा चेहराही येतो.

‘लवकर मोकळा होतो’ हे शब्द मात्र पुन्हा वाचा. ज्याच्याजवळ चालू तारखेचा कागद आहे, त्याला ते लागू. तुमच्या पत्नींना त्या दिवशी सोडलं ते लायसन्स पाहून. आय-९४ ची नोंद त्यांनी उघडली असती तर प्रसंग सहा मिनिटांत संपला नसता. तुम्ही लिहिता, ‘आम्ही रीतसर आलेले, ते घुसखोर.’ २१ जूनपासून सरकारी नोंदीत तुमच्या घरातली एक व्यक्ती त्या ‘ते’ मध्ये मोडते. ५ फेब्रुवारीला अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानातल्या १०४ जणांत तीन जण महाराष्ट्रातले होते. त्यांच्याबद्दल तुमच्या ग्रुपवर काय लिहिलं गेलं, ते मला न वाचताही सांगता येईल.

दाव्याचं म्हणाल, तर सरकारकडे नुकसानभरपाईचा लेखी अर्ज करायला घटनेपासून दोन वर्षं असतात. अधिकाऱ्यावर व्यक्तिशः दावा लावण्याची वाट २०२२ पासून जवळजवळ बुजली आहे. त्या दिवशीची वेळ, जागा, गाड्यांचं वर्णन, मैत्रिणीचं म्हणणं, सगळं आजच लिहून ठेवा आणि कपाटात ठेवा. दोन वर्षांचं काम बेचाळीस दिवसांच्या कामाआधी करू नका. शिवाय कागद मेलेला असताना सरकारवर दावा लावणं म्हणजे आपणहून आपला पत्ता कळवणं.

मग करायचं काय? वाटा तीन आहेत.

पहिली वाट, उशिरा केलेला मुदतवाढीचा अर्ज. उशीर का झाला याचं असाधारण कारण दाखवता आलं, उशीर त्या कारणाला साजेसा असला आणि बाकी वागणं नियमात असलं, तर तो माफ होऊ शकतो, आणि मधले दिवसही भरून निघतात. नशिबानं तुमच्या पत्नी नोकरी करत नाहीत, नाहीतर ही वाट इथेच संपली असती. पण ‘आम्ही वेबसाइट पाहिली नाही’ हे असाधारण कारण होत नाही. अर्ज पडून राहतो त्या काळात दिवस मोजणं थांबत नाही, कारण तो मुदतीत केलेला नाही. आणि या फेब्रुवारीपासूनचं धोरण असं की असा अर्ज फेटाळला आणि माणूस मुदतीबाहेर असला, तर त्याच टपालानं इमिग्रेशन कोर्टाची नोटीस येऊ शकते. त्या कोर्टांत तीस लाखांहून अधिक प्रकरणं तुंबली आहेत. तारीख लांबली म्हणजे सुटलो असं मानणारे महाभाग मी रोज बघते. तिथे उशिरानं न्याय मिळत नाही, नुसता उशीर मिळतो.

दुसरी वाट, विमानतळावर प्रवेश तपासणाऱ्या सीबीपी खात्याच्या डेफर्ड इन्स्पेक्शन कचेरीत, जिथे प्रवेशाच्या नोंदी दुरुस्त करतात तिथे, नवा पासपोर्ट दाखवून तारीख दुरुस्त करून मागणं. कधी ऐकतात, कधी ‘ही आमची चूक नाही’ म्हणून परत पाठवतात, आणि तेही खरंच असतं. सध्याच्या दिवसांत मुदत उलटलेल्या व्यक्तीनं तिथे वकिलाशिवाय पाऊल टाकू नये. वकील घेऊन जावं का, यावरही माझं मत रोज बदलतं.

तिसरी वाट मला खरी वाटते: तुमच्या पत्नींनी १७ डिसेंबरच्या आत देश सोडायचा, मुंबईत नवा एच-४ शिक्का, म्हणजे व्हिसा, घ्यायचा आणि परत यायचं. पासपोर्टमधल्या जुन्या शिक्क्यावर तारीख शिल्लक असली तरी तो वापरू नका. आय-९४ उलटून राहिलं की तो शिक्का कायद्यानंच रद्द होतो आणि नवा मायदेशातच मागावा लागतो. सप्टेंबरपासून मुलाखतीची सूट जवळजवळ बंद झाली आहे, त्यामुळे बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत समक्ष जावं लागेल. तारीख कधी मिळेल आणि मुक्काम किती लांबेल, हे मी सांगू शकत नाही. तीन आठवडे धरून तीन महिने बसलेले लोक मला माहीत आहेत. तरी तीन महिने हे तीन वर्षांपेक्षा कमी असतात. तुम्हाला ज्या एक लाख डॉलरच्या शुल्काची धास्ती आहे, ते नव्या एच-१बी अर्जांवर आहे. एच-४ ला ते लागत नाही. तुम्ही स्वतः मात्र हौसेनं बरोबर जाऊ नका.

व्हिसाच्या फॉर्ममध्ये सरळ प्रश्न असतो: दिलेल्या मुदतीपेक्षा जास्त राहिलात का? उत्तर ‘हो’ आहे. खाली दोन ओळींत कारण लिहा. मुदत उलटणं माफ होऊ शकतं, खोटं बोलणं आयुष्यभर चिकटतं. जायच्या आधी रस्त्यात पुन्हा कुणी अडवलं तरी हेच. गप्प राहण्याचा आणि वकील मागण्याचा हक्क आहे, पण मैत्रिणीच्या सल्ल्यानं ‘मी सिटिझन आहे’ असं म्हणू नये. त्या एका वाक्याला माफी जवळजवळ नाही. अर्वाइनच्या पोलिसांची फार भीती बाळगू नका, राज्याचा २०१७ चा कायदा त्यांना या कामापासून दूर ठेवतो. संघराज्याच्या माणसांना तो बांधत नाही.

तिकीट १७ डिसेंबरचं काढू नका. विमान रद्द होतं, ताप येतो, दिवस मोजण्यात एखादा इकडे तिकडे होतो. माझी बहीण असती तर मी तिला १० तारखेच्या पुढे जाऊ दिलं नसतं. या देशात बाहेर पडताना शिक्का मारत नाहीत, म्हणून बोर्डिंग पास आणि मुंबई विमानतळावरच्या शिक्क्याचा फोटो दोन्ही जपून ठेवा. पुढे ग्रीन कार्डच्या वेळी तेच मागतील. आणि ती वेळ लवकर येणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये तुमच्या रांगेत २०१३ सालच्या अर्जांचीच पाळी रेंगाळत होती.

हे सगळं तुम्ही लिहिलेल्या तारखा खऱ्या धरून सांगितलं आहे. कागद मी पाहिलेले नाहीत. तिकिटाआधी एखाद्या इमिग्रेशन वकिलाला मूळ कागद दाखवा, फोटो नव्हे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेलीच नाही. मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि भारतीय पासपोर्टवर आहे, म्हणता. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. अठरा वर्षांखालच्या मुलाचे हे दिवस मोजले जात नाहीत, पण त्याचा मुक्काम मात्र उलटतो, आणि मग विमानात दोन जागा लागतील. त्याचा आय-९४ आज रात्रीच उघडा. स्वतःचाही.