क्लिकर नवा आहे? आधी आवाजाला अर्थ द्या

कुत्र्याचं पिल्लू आणलंत, क्लिकरही (दाबला की ‘टिक’ वाजणारी, शिकवताना वापरायची छोटी डबी) घेतलात, छान. पण लगेच ‘बस’, ‘शेक हँड’ सुरू करू नका. पिल्लाच्या लेखी ती अजून नुसती टिकटिक आहे. आधी आवाज आणि खाऊ यांची जोडी जमवायची. घंटी वाजली की रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हच्या कुत्र्यांना लाळ सुटायची, ती याच तत्त्वावर.

शांत खोली, पिल्लू जरा भुकेलेलं. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे करा. एक क्लिक, सेकंदभरात तुकडा. मधलं अंतर कधी पाच सेकंद, कधी पंधरा. दहा-पंधरा वेळा झालं की थांबा. दिवसातून दोन-तीनदा पुरे. पिल्लाने काही करून दाखवायची गरज नाही.

हमखास चुकतं ते इथे:

- क्लिकच्या आधीच हात खिशाकडे जातो. मग पिल्लू हातावर डोळा ठेवतं, आवाज वाया. ही चूक करणाऱ्याला कळतच नाही, म्हणून एकदा मोबाईलवर शूट करून बघा.
- क्लिक झालं, खाऊ नाही. चुकून दाबलं गेलं तरी द्यायचाच, नाहीतर जोडी विरते.
- पिल्लाला बोलवायला क्लिक. त्यासाठी नाव ठेवलंय ना!

आवाजाला दचकत असेल तर क्लिकर मोज्यात गुंडाळा.

पिल्लू दुसरीकडे बघत असताना क्लिक करून पाहा. मान झटकन तुमच्याकडे वळली, की ‘बस’ शिकवायला घ्या. शेपिंगचं, म्हणजे एखादी कृती छोट्या छोट्या टप्प्यांत शिकवण्याचं, नंतर बघू.