‘माझा टच झाला’ म्हणणारा मुलगा

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. ह्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी कॉमर्सला. आठवीच्या सुट्टीत मावसभावाबरोबर पूल, म्हणजे टेबलावर काठीने बॉल पॉकेटमध्ये घालायचा खेळ, खेळायला गेला आणि तेव्हापासून त्याचं सगळं लक्ष तिकडेच. शहरातल्या स्पर्धा जिंकतो, आता मोठ्या मुलांनाही हरवायला लागलाय. सगळे म्हणतात, हात चांगला आहे आणि मुलगा फार गुणी आहे. गेल्या महिन्यात एका फायनलला 6-6 अशी बरोबरी झाली होती. शेवटच्या रॅकला, म्हणजे डावाला, त्याच्या शर्टाची बाही पांढऱ्या बॉलला लागली. कुणीच पाहिलं नव्हतं. हा आपणहून म्हणाला, ‘दादा, माझा टच झाला.’ समोरच्याने उरलेले तीन बॉल घातले आणि सामना नेला. त्या दिवसापासून हे त्याच्याशी धड बोलत नाहीत. म्हणतात, इतका भिडस्त मुलगा कुठल्याच क्षेत्रात टिकायचा नाही, त्यापेक्षा दुकानात बसव. उलट पूल पार्लरचे मालक सांगतात, कॉलेज सोडा, सतरा नंबरचा फॉर्म भरा, मुलगा वर्ल्ड खेळेल. त्याला नवा क्यू, म्हणजे खेळायची काठी, तीही हवीय, किंमत ऐकून मी गप्प बसले. काय करावं?
– एक आई, नाशिक

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी बाहीचं बोलू, कारण घरात सध्या तेच धुमसतंय. क्यूच्या टोकाशिवाय दुसऱ्या कशाचाही स्पर्श पांढऱ्याला झाला की फाउल. मग समोरच्याला तो बॉल टेबलावर हवा तिथे ठेवून खेळता येतो. आपल्याकडच्या शहरी स्पर्धांत प्रत्येक टेबलाला पंच नसतोच, त्यामुळे आपला फाउल आपण सांगायचा हा शिरस्ता आहे. स्नूकर हा पूलचाच मोठ्या टेबलावरचा भाऊबंद, त्याच्या टीव्हीवरच्या सामन्यांतसुद्धा पंचाच्या नजरेतून सुटलेला फाउल खेळाडू स्वतः सांगतात आणि जाऊन खुर्चीत बसतात. त्यात थोरपणा केला असं कुणी मानत नाही. न सांगणाऱ्याची मात्र चर्चा होते, आणि ती फार लांब जाते. हे वर्तुळ लहान आहे हो! नाशिक, पुणे, ठाणे, मुंबई, कुठेही स्पर्धा भरली तरी तेच चेहरे दिसतात. तुमच्या मुलाने एक फायनल गमावली. आता पुढची कित्येक वर्षं, त्याने ‘आधी चार नंबरच्या बॉलला लागला, मग कुशनला (टेबलाच्या कडेला)’ म्हटलं की समोरचा वाद घालणार नाही. हे ह्यांना जरूर वाचून दाखवा. दुकानात उधारी कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे ते याच हिशेबाने ठरवत असणार.

गुणी असण्याचा आणखी एक रोकडा उपयोग सांगते. या खेळात सगळ्यात महाग वस्तू म्हणजे टेबलाचा वेळ. पार्लरमध्ये तासाचं मीटर चालू असतं, आणि जिमखान्यांतली टेबलं सभासदांसाठी असतात. अशा ठिकाणी सोळा वर्षांच्या मुलाला दुपारचे दोन तास कोण देतं? मार्कर देतो. बिलियर्ड्स रूममध्ये गुण मांडणारा, बॉल जागेवर लावणारा, कापडाला ब्रश आणि इस्त्री करणारा माणूस म्हणजे मार्कर. आपल्याकडच्या कितीतरी खेळाडूंचा पहिला गुरू तोच. खेळून झाल्यावर टेबल ब्रश करायला हात लावणारा, खडूची भुकटी कापडावर न सांडणारा, जाताना कव्हर घालणारा मुलगा त्याच्या लक्षात राहतो. मग रिकाम्या दुपारी ‘ये रे, दोन फ्रेम टाक’ असं बोलावणं येतं. एखादा ज्येष्ठ सभासद स्वतःहून चार गोष्टी दाखवतो. फी भरूनही हे मिळत नाही.

तरीही ह्यांच्या काळजीत तथ्य आहे, फक्त त्यांनी बोट चुकीच्या जागी ठेवलंय. तुम्ही पत्रात सहज एक गोष्ट लिहिली आहे, मी तिथे अडखळले. समोरच्याचे शेवटचे दोन बॉल उरले की हा आपला क्यू उघडायला, म्हणजे दोन तुकडे वेगळे करायला लागतो, ‘उगाच त्यांना अवघडल्यासारखं नको’ म्हणून. ही सवय आजपासून बंद. शेवटच्या रॅकला समोरचा खेळत असताना जोडाचा क्यू उघडणं म्हणजे हार कबूल करणं, असं पूलच्या नियमांत धरलं जातं. आणि शेवटचा नऊ नंबरचा बॉल भल्याभल्यांचा चुकतो. सामना संपेपर्यंत खुर्चीत बसायचं, क्यू हातात, नजर टेबलावर. त्यात काही उद्धटपणा नाही. समोरच्याच्या नेमाच्या रेषेत उभं राहणं, तो वाकला असताना खडू घासत बसणं, हा उद्धटपणा, आणि तो हा करत नाहीच.

दुसरी भीड पैशाची. ‘हरेल तो टेबलाचे पैसे देईल’ ही रीत बहुतेक पार्लरमध्ये आहे, आणि सगळं तिथूनच सुरू होतं. आधी टेबल, मग टेबल आणि नाश्ता, मग रॅकला शंभर. हात चांगला असलेला शांत मुलगा मालकांना आणि बाहेरून येणाऱ्या हौशी लोकांना या कामासाठी फार सोयीचा असतो. मोठ्या माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही, तिथे तो अडकतो. त्याला एक वाक्य पाठ करून द्या : ‘काका, टेबलाचे अर्धे-अर्धे करू.’ न चिडता, हसून, प्रत्येक वेळी तेच वाक्य. दोन-चार लोक खेळायचे बंद होतील, होऊ देत. फिलिपिन्समध्ये एफ्रेन रेयेससारखा खेळाडू पैशांच्या सामन्यांतून वर आला आणि 1999 मध्ये नाइनबॉलचा, म्हणजे नऊ बॉलच्या पूलचा, जगज्जेता झाला, हे त्याला यूट्यूबवरून ठाऊक असेल, तो तुम्हाला ऐकवेलही. पण तिकडे पूल गल्लोगल्ली खेळतात आणि त्या खेळाला मोठा मान आहे. नाशिकच्या पार्लरमध्ये पैसे लावणाऱ्या मुलाच्या नशिबी बदनामी आणि दहावी-बारावीची वाया गेलेली वर्षं येतात, एवढाच फरक.

आता करिअरचं. स्पष्टच सांगते : भारतात निव्वळ पूल खेळून घर चालवणं फार कठीण आहे. तैवानच्या वू चिया-चिंगने 2005 मध्ये सोळाव्या वर्षी नाइनबॉलचं जागतिक विजेतेपद मिळवलं, म्हणजे वयाची अडचण नाही. अडचण आहे ती आपल्याकडच्या व्यवस्थेची. आपल्याकडे क्लब, जुने जाणते प्रशिक्षक, नोकऱ्या, पुरस्कार हे सगळं स्नूकर आणि बिलियर्ड्सभोवती उभं राहिलंय. राष्ट्रीय स्पर्धेत पूलचे प्रकारही होतात, पण मुख्य गर्दी आणि मान स्नूकर-बिलियर्ड्सच्या बारा फुटी टेबलाकडे असतो. म्हणून माझा सल्ला असा की, पूल सोडायचा नाही, पण येत्या सुट्टीपासून आठवड्यातले निम्मे तास स्नूकरला द्यायचे. टेबल मोठं, बॉल लहान, पॉकेट चिंचोळं. पहिले काही महिने जे शॉट पूलवर डोळे मिटून जातात ते इथे पॉकेटच्या तोंडाशी खडखडून बाहेर येतील. तो वैतागेल. वैतागू द्या. स्नूकरवर घडलेला हात पूलवर लवकर बसतो. पूलवरून स्नूकरकडे येणाऱ्याला मात्र घाम गाळावा लागतो, आणि तो सोळाव्या वर्षी गाळलेला बरा.

‘पार्लरमधला टाइमपास’ हा ह्यांचा शब्द. त्यांना विल्सन जोन्स हे नाव सांगा. जन्म पुण्याचा. 1958 मध्ये कोलकात्याला बिलियर्ड्सची जागतिक हौशी स्पर्धा जिंकली, आणि वैयक्तिक खेळात भारताचा पहिला जगज्जेता ठरला. मुंबईच्या मायकेल फरेरांनी तेच विजेतेपद 1977, 1981 आणि 1983 मध्ये आणलं. यासीन मर्चंट, आदित्य मेहता हेही मुंबईचेच. मेहता तर 2013 च्या इंडियन ओपनमध्ये, म्हणजे व्यावसायिक सर्किटच्या स्पर्धेत, अंतिम फेरीपर्यंत गेला. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचा, वाढला बंगळुरूला. अठराव्या वर्षी, 2003 मध्ये, जागतिक स्नूकर विजेता झाला. त्याने बी.कॉम. केलं आणि ओएनजीसीत नोकरी केली. गीत सेठींनी जागतिक विजेतेपदं मिळवली आणि एमबीएही केलं. शिक्षण सोडून मोठी झालेली माणसं या खेळात शोधावी लागतील, शिकून मोठी झालेली समोर दिसतात.

नोकऱ्या आहेत, पण मोजक्या. रेल्वे आणि पेट्रोलियम कंपन्या हे या खेळातले जुने आधार. मलकीत सिंग, कमल चावला हे नामवंत खेळाडू रेल्वेचेच. केंद्र सरकारच्या क्रीडा कोट्यातल्या भरतीच्या यादीत बिलियर्ड्स आणि स्नूकर आहे. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यात कुठला खेळ, कुठल्या पातळीची स्पर्धा धरली जाते ते शासन निर्णयांप्रमाणे ठरतं. ह्यांना एक दिवस दुकान तासभर उशिरा उघडायला सांगा आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात पाठवा. दोनच गोष्टी विचारून यायच्या : बारावीच्या क्रीडागुणांसाठी आपला खेळ आणि आपली स्पर्धा धरतात का, आणि नोकरीच्या आरक्षणासाठी कुठलं प्रमाणपत्र चालतं. उत्तर तोंडी घेऊ नका, शासन निर्णयाची प्रत मागा. कुणीतरी मंडपात वाटलेलं प्रमाणपत्र आणि मान्यताप्राप्त राज्य संघटनेचं प्रमाणपत्र यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो नेमका कागदपत्रांच्या पडताळणीच्या वेळी कळतो. म्हणून यापुढे प्रवेशशुल्क भरण्याआधी स्पर्धा कोणाच्या मान्यतेची आहे हे विचारायचं.

आणखी एक कटू गोष्ट. हा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही. आशियाई स्पर्धांत 1998 पासून 2010 पर्यंत होता, भारताने पदकंही घेतली, नंतर तो वगळला गेला. सरकारी पैसा जिथे पदकाची आशा तिथे वळतो. तेव्हा ‘चांगला खेळला तर सरकार बघेल’ या भरवशावर कोणताही बेत आखू नका.

सतरा नंबरचा फॉर्म? आत्ता नको. पार्लरचे मालक वाईट हेतूने म्हणत असतील असं नाही, पण मुलगा सकाळपासून त्यांच्याकडे बसला तर कोणाची सोय होते, हेही बघा. खेळाला रोज तीन-साडेतीन तास पुरतात, त्याहून जास्त वेळ टेबलावर नुसताच जातो. कॉलेज सोडलं की शालेय क्रीडा स्पर्धांच्या प्रवेशिकेवर सही करणारं कोणी राहत नाही, आणि मुलाचं सगळं जग त्या एका अंधाऱ्या हॉलमध्ये गोळा होतं. बारावी नियमित करू दे. त्यानंतर राष्ट्रीय पातळीवर त्याचं नाव लागलं असेल, तर बी.कॉम.साठी मुक्त विद्यापीठ तुमच्या गावातच आहे. दूर राहून शिकणाऱ्यांसाठीच ते उघडलंय, तेव्हा वापरायला संकोच नको. अकाउंट्स मात्र मनापासून शिकू दे. पुढे अकादमी काढली, पार्लर काढलं किंवा दुकानच सांभाळलं, तरी ते लागणारच.

तोवर एक बेत घरात कबूल करून घ्या. बारावीच्या निकालापर्यंत ह्यांनी दुकानाचा विषय काढायचा नाही, मुलाने कॉलेज सोडण्याचा काढायचा नाही. महिन्यातला एखादा रविवार पंचवटीने मुंबई, तिथे एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाकडे दोन तास, संध्याकाळच्या गाडीने परत. पहिल्या खेपेला ह्यांनी सोबत जावं. मागे बसून त्यांनी मुलाचा एक पूर्ण सामना बघितलेला नाही, असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

औषधांचं एक लक्षात ठेवा, कारण हे कुणी सांगत नाही. बीटा-ब्लॉकर गटातली औषधं हाताची थरथर आणि छातीची धडधड कमी करतात, म्हणून क्यूच्या सगळ्या खेळांत स्पर्धेच्या काळात त्यांना बंदी आहे. अर्धशिशीसाठी किंवा परीक्षेच्या धास्तीसाठी डॉक्टर कधीकधी प्रोप्रॅनोलॉल देतात, ते याच गटातलं. घरच्या डॉक्टरांना मुलगा स्पर्धा खेळतो हे आधीच सांगून ठेवा. मित्राने दिलेली ‘शांत राहायची गोळी’ तर कधीच नाही.

राहिला क्यू. पूलच्या क्यूचं टोक साधारण 12 ते 13 मिलिमीटर, स्नूकरचं 9 ते 10. म्हणजे स्नूकर सुरू केल्यावर दुसरा क्यू लागणारच, आणि आत्ता पूलच्या भारी कार्बन क्यूवर पैसे घातले तर तो खर्च दुप्पट होईल. आहे तो पूलचा क्यू चालू द्या, फक्त त्याची टिप, म्हणजे टोकावरचं चामडं, चांगल्या माणसाकडून बदलून घ्या. त्याचा निम्मा तक्रारीचा सूर तिथेच जाईल. स्नूकरसाठी मध्यम किमतीचा, अॅश लाकडाचा, सरळ क्यू घ्या. दुकानात तो टेबलावर घरंगळवून बघायचा, वाकडा असेल तर लगेच उड्या मारतो. सोबत कडक केस घ्या, आणि उन्हात स्कूटरला टांगून ठेवायचा नाही, लाकूड वाकतं. पैसे तुम्ही एकदम देऊ नका. निम्मे त्याने बक्षिसातले घालावेत. तुम्ही लिहिलंय की त्याने ते सगळे तुमच्याकडे ठेवायला दिलेत.