वाचकांचे प्रश्न : अमेरिकेचा इतिहास मुंबईत बसून कसा शोधायचा?

प्रश्न : ताई, मी इतिहासात एमए करतेय, डोंबिवलीला राहते. प्रोजेक्टला 'आधुनिक अमेरिका' घेतलंय, म्हणजे साधारण दुसऱ्या महायुद्धानंतरची. कॉलेजच्या लायब्ररीत दोन-तीन जुनी टेक्स्टबुकं आहेत, बस. नेटवर ढीगभर सापडतं पण त्यातलं खरं काय धरायचं कळत नाही, आणि पैसे भरून काही घेणं परवडणारं नाही. कुठे जाऊ, काय बघू?

उत्तर : आधी विषय लहान कर गं. 'आधुनिक अमेरिका' म्हणून कुठल्याही लायब्ररीत गेलीस तर तुला अख्खं कपाट दाखवतील, नेमकं पुस्तक कोणी काढून देणार नाही. त्यापेक्षा असा प्रश्न धर ज्याचं एक टोक अमेरिकेत आहे आणि दुसरं आपल्या घरात. घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना रेशनवरच्या लाल गव्हाबद्दल विचार. तो गहू यायचा पीएल-४८० खाली, म्हणजे १९५४ साली प्रेसिडेंट आयसेनहॉवरच्या काळात झालेल्या, बाहेरच्या देशांना धान्य देण्याच्या अमेरिकन कायद्याखाली, आणि त्याचे पैसे आपण डॉलरमध्ये नाही तर रुपयांत द्यायचो. पुढे १९६५-६६ च्या दुष्काळात प्रेसिडेंट जॉन्सनने तो गहू थोडा थोडा, हात राखून सोडायला सुरुवात केली, कारण भारताने शेतीचं धोरण बदलावं असं त्याला वाटत होतं आणि अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धावर आपण करत असलेली टीकाही त्याला खटकत होती. हा बघ झाला प्रोजेक्टचा प्रश्न.

आता याचे कागद कुठे? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं 'ऑफिस ऑफ द हिस्टोरियन' म्हणून ऑफिस आहे, त्यांच्या साइटवर 'फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स' ही १८६१ पासून चाललेली मालिका आहे, सगळे तिला फ्रस म्हणतात. पूर्ण फुकट, लॉगिन नाही. १९६४-६८ च्या संचातला पंचविसावा खंड, साउथ एशिया, तो उघड. प्रत्येक कागदाला नंबर असतो, कोणी कोणाला पाठवला, कुठून, तारीख काय ते वर लिहिलेलं असतं, आणि खाली पहिल्याच तळटीपेत मूळ कागद कुठल्या अर्काइव्हच्या कुठल्या फाइलमध्ये आहे ते. ती तळटीप वाचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस, विश्वास कशावर ठेवायचा हे तू विचारलंस ना, त्याचं उत्तर तिथेच आहे, ज्या साइटवर असा पत्ता दिलेला नसतो तिथली माहिती फक्त सुगावा म्हणून घ्यायची. मध्येच चौकटी कंसात 'इतक्या ओळी गुप्ततेतून मोकळ्या केलेल्या नाहीत' असंही दिसेल, तेही वहीत टिपून ठेव, काय लपवलंय यावरूनही कळतं.

१९७१ चं बांगलादेश युद्ध हवं असेल तर त्याच मालिकेत १९६९-७६ चा अकरावा खंड आहे. ढाक्यातले अमेरिकन कॉन्सुल जनरल आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६ एप्रिल १९७१ ला स्वतःच्याच सरकारच्या धोरणाविरुद्ध तार पाठवली होती, ती वाचताना मला आजही अंगावर काटा येतो, नोकरी पणाला लावून लिहिलंय त्यांनी. पण नुसतं सरकारी छापील वाचून थांबू नकोस. वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत 'नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्ह' आहे, नाव सरकारी वाटतं पण ती बिगरसरकारी संस्था आहे, माहिती अधिकाराच्या कायद्याखाली भांडून कागद बाहेर काढते. व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या मिलर सेंटरकडे प्रेसिडेंट लोकांच्या भाषणांचे आणि टेप केलेल्या फोनकॉल्सचे साठे आहेत, जॉन्सन फोनवर कसा बोलायचा ते कानाने ऐकता येतं. भाषणं आणि पत्रकार परिषदांसाठी 'अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्ट'. लेखांसाठी जेस्टोर या संशोधन लेखांच्या साइटवर फुकट अकाउंट काढ, महिन्याला १०० लेखांपर्यंत ऑनलाइन वाचता येतात, डाउनलोड होत नाहीत, म्हणून वाचतानाच टिपणं काढायची.

वंशभेदाचा विषय आवडत असेल तर सरळ बाबासाहेबांपासून सुरू कर. न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत १९१३ ते १६ शिकलेल्या बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी युनोकडे अर्ज केलाय असं वाचलं, त्याच्या प्रती मिळतील का, अस्पृश्यांसाठीही तसंच करायचा विचार आहे असं विचारणारं. ते पत्र मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीच्या ड्यू बॉइस संग्रहात आहे, स्कॅन ऑनलाइन दिसतो. तिथून अमेरिकेतल्या काळ्या लोकांची १९६६ ची ब्लॅक पँथर पार्टी, आणि तिथून १९७२ ला आपल्या मुंबईतली दलित पँथर. एवढा जवळचा धागा असताना आपली मुलं या विषयाकडे फारशी वळत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता पाय उचलायचे. तुला सेंट्रल लाइन आहे म्हणजे कुर्ल्याला उतरून एका दिवसात दोन कामं होतील. एक, बीकेसीत अमेरिकन कॉन्सुलेटमधली अमेरिकन लायब्ररी, पूर्वी ती न्यू मरीन लाइन्सला होती. जायच्या आधी वेळ, मेंबरशिप आणि मोबाइल आत नेता येतो का हे विचारून घे, सिक्युरिटी कडक असते. दोन, कलिना कॅम्पसवरची युनिव्हर्सिटीची जवाहरलाल नेहरू लायब्ररी, आयकार्डाबरोबर विभागाचं पत्र असलेलं बरं. आणि एक नंबर पाठ कर, ९७३. ड्युई पद्धतीने, म्हणजे विषयाला नंबर देऊन पुस्तकं लावलेल्या लायब्ररीत अमेरिकेचा इतिहास ९७३ वर असतो, १९५३ ते २००१ चा ९७३.९२ वर, परराष्ट्र धोरण ३२७.७३ वर. कॅटलॉग बंद असला तरी थेट शेल्फपाशी जाऊन उभी राहा आणि पुस्तक हातात आलं की आधी मागची संदर्भसूची उघड.

आपल्याकडची बाजू हवीच. लाल गव्हाबद्दल तेव्हाचे मराठी पेपर काय म्हणत होते ते बघायला दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि फोर्टातली एशियाटिक सोसायटीची लायब्ररी, दोन्हीकडे जुन्या अंकांची चौकशी कर, नेमक्या महिन्यांची यादी घेऊन जा. जाता जाता सांगते, पीएल-४८० च्या त्याच रुपयांतून १९६२ पासून अमेरिकन लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतातली पुस्तकं घेऊन तिकडच्या युनिव्हर्सिट्यांना पाठवली, मराठीसुद्धा.

प्रश्न : माझं इंग्रजी कच्चं आहे, रिटायर झालोय, परीक्षा नाही, फक्त समजून घ्यायचंय. मराठीत काही आहे का? (मुलुंड)

उत्तर : आहे ना काका. मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, त्यात 'अमेरिकेची संयुक्त संस्थाने' ही मोठी नोंद वाचा, पण ती जुनी आहे, तिच्यानंतरच्या घडामोडी दुसरीकडे बघाव्या लागतील. आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर १९३० च्या मंदीतले शेतकऱ्यांचे सरकारी फोटो बघा, त्याला इंग्रजी फार लागत नाही. डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये काढलेला, कॅलिफोर्नियातल्या मटारमजुरांच्या तळावरच्या आईचा फोटो मोठा करून बघा, दोन्ही पोरांनी तिच्या खांद्यावर तोंडं लपवलीयेत आणि तिचा हात गालाशी आहे.