घरपट्टी भरणं बंद केलं तर पोलीस जागे होतील का?

प्रश्न: आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात खाडीलगत आहे. दोन वर्षांत वाडीतली दोन बंद घरं फुटली. पोलिसांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं, पुढे काही नाही. आंब्याचं पीक हातचं गेलं, आणि यंदा घरपट्टी जवळजवळ दुप्पट आली. सगळ्या वाडीने मिळून घरपट्टी भरणं बंद केलं तर काय होईल?

उत्तर:

पोलिसांना काहीही होणार नाही. घरपट्टीतला एक पैसाही पोलिसांकडे जात नाही. पोलीस राज्याच्या गृह खात्याचे, त्यांचा पगार राज्याच्या तिजोरीतून. घरपट्टी जमा होते ग्रामनिधीत. त्यातून खांबावरचे दिवे, नळपाण्याच्या पंपाचं वीजबिल, शिपायाचा पगार आणि पाखाडीची, म्हणजे वाडीतल्या पायवाटेची, डागडुजी भागते. ती थांबवलीत की आधी तुमच्याच पाखाडीवरचा दिवा जाईल, आणि चोराला तेच हवं असतं.

तुमचा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, फक्त त्यांची दारं वेगळी आहेत. पोलिसांचं आधी सांगतो, कारण तिथे लोक सगळ्यात जास्त फसतात.

आमच्या भागातलंच एक घर घ्या. गणपती झाले, घरचे मुंबईला परतले. दिवाळीच्या आधी शेजाऱ्याला मागच्या पडवीचा कोयंडा उचकटलेला दिसला. आत देवघरातल्या दोन समया, तांब्याचं घंगाळ, दोन कळशा नाहीत. बाहेरच्या मांगरात ठेवलेला विहिरीचा पंपही गेलेला. शेजाऱ्याने मालकाला फोन केला, मालकाने सांगितलं तसं घर झाडून घेतलं, दाराला नवीन कडी ठोकली आणि मग दूरक्षेत्रावर, म्हणजे जवळच्या पोलीस चौकीवर, जाऊन अर्ज दिला. अर्जात एकच ओळ: ‘घरातील भांडी व पंप चोरीस गेला आहे, तरी योग्य ती कारवाई व्हावी.’ किंमत नाही, दार फोडल्याचा उल्लेख नाही, तारखेचा अंदाज नाही. अंमलदाराने एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, करून पोच दिली आणि प्रकरण तिथेच संपलं.

एनसी का झाली, हे समजून घ्या. भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024पासून लागू झाल्या. तेव्हापासून 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र आहे. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलीस न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय करत नाहीत. अर्जात किंमत नसेल, तर तुमची समई 5,000च्या आत बसवणं अगदी सोपं जातं. पण ही मर्यादा साध्या चोरीला आहे. राहत्या घरातून किंवा मालमत्ता ठेवायला वापरल्या जाणाऱ्या इमारतीतून चोरी झाली, तर न्याय संहितेचं कलम 305 लागतं आणि तो दखलपात्र गुन्हा आहे, किंमत कितीही असो. कुलूप, कोयंडा, कौलं काढून आत शिरले असतील तर कलम 331 खाली घरफोडी, तीही दखलपात्र. म्हणजे त्या घरात देवघरातली समई आणि मांगरातला पंप, दोन्हींवर गुन्हा नोंदवायलाच हवा होता. जाळी ठेवायची खोप असो की पंपघर, हीच गोष्ट. झाडावरचे नारळ उतरवून नेले तर मात्र साधी चोरी, तिथे किंमत नीट मांडावी लागते.

म्हणून फिर्याद अशी द्या. घर शेवटचं कोणी, कोणत्या तारखेला बंद केलं. फुटलेलं कोणाला, केव्हा दिसलं. कुठून शिरले: मागची पडवी, कोयंडा उचकटून. काय गेलं, प्रत्येक वस्तूचं अंदाजे वजन आणि आजची किंमत. पितळ-तांब्याचा मोडीचा भाव लिहू नका, तशीच वस्तू नव्याने घ्यायला जो खर्च येईल तो लिहा. पंपाची कंपनी, हॉर्सपॉवर आणि प्लेटवरचा नंबर लिहा. प्लेटचा फोटो बसवतानाच काढून ठेवावा, चोरी झाल्यावर तो कुठून आणणार? जुन्या भांड्यांवर लग्नात घातलेली नावं आणि तारखा असतात. नाव आणि तारीख जशीच्या तशी फिर्यादीत घाला. भांडी मोडीत गेली आणि भंगारवाल्याकडे सापडली, तर ‘हेच ते’ म्हणायला तीच एक खूण उरते. नाव नसलेली समई ओळखून मुद्देमाल परत मिळवणं फार कठीण.

पंचनामा होईपर्यंत घर झाडायचं नाही, दाराला हात लावायचा नाही. झाडूने ठसे जातात, आणि नवीन कडी ठोकली की दार फोडल्याचा पुरावाच जातो. मग घरफोडीचं कलम लावणं कठीण होतं. पाऊस असेल आणि दार उघडं ठेवणं शक्य नसेल, तर मोबाईलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा, तुटलेला कोयंडा पिशवीत ठेवा, आणि मगच दार लावा. 112ला फोन केलात तर तो नोंदला जातो, त्याची वेळ लिहून ठेवा. पोलीस पाटलाला त्याच वेळी सांगा. गुन्ह्याची खबर ठाण्याला देणं हे 1967च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने त्याचं कामच आहे.

मुंबईत असाल तर गावी पोचेपर्यंत थांबायची गरज नाही. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, तो गावच्या ठाण्याकडे वर्ग होतो. ऑनलाईन फिर्याद दिलीत तर 3 दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. ठाण्यात नाही म्हणाले, तर भांडत बसू नका. तीच फिर्याद जिल्हा पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173(4) लिहून. पोस्टाची पावती आणि पोच जपा. तिथेही काही झालं नाही, तर त्याच संहितेच्या कलम 175(3) खाली न्यायदंडाधिकाऱ्याकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो, आणि तिथे पहिला प्रश्न येतो तो अधीक्षकांकडे गेला होतात का हाच. गुन्हा दाखल झाल्यावर तपास कुठवर आला हे 90 दिवसांत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. नाही कळवलं, तर तेवढ्याच मुद्द्यावर अर्ज करा.

सागरी ठाण्यांचा ताण मला मान्य आहे. किनारा, जेटी, बंदोबस्त आणि डोंगरापलीकडच्या वाड्या, एवढं सगळं थोड्या माणसांवर. पण माणसं कमी आहेत म्हणून गस्त कमी पडते, फिर्याद लिहून घ्यायला कमी पडत नाही. घरफोडीची एनसी करणं हे मनुष्यबळाच्या नावाखाली खपवून घेता कामा नये.

आता घरपट्टी. ‘दुप्पट केली’ असं ओरडण्याआधी ग्रामपंचायतीतून नमुना 8चा उतारा घ्या. नमुना 8 म्हणजे आकारणी नोंदवही, कर कशावरून बसला ते सगळं त्यात असतं. नमुना 9 मागणीचा, नमुना 10 पावतीचा. लोक पावती घेऊन भांडायला जातात, आणि पावतीत काहीच सिद्ध होत नाही.

2015च्या अखेरीस नियम बदलले आणि ग्रामपंचायतीची घरपट्टी भांडवली मूल्यावर आली. हिशोब असा: क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर, अधिक क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा (घर जितकं जुनं तितकी घट), आणि या बेरजेला वापराच्या भारांकाने, म्हणजे वापरानुसार ठरलेल्या आकड्याने, गुणायचं. जमिनीचा दर रेडी रेकनरमधून, म्हणजे सरकारच्या मालमत्ता-दरांच्या तक्त्यातून, येतो. आलेल्या मूल्यावर दर हजारी अमुक पैसे असा कर. बांधकामाच्या प्रकाराप्रमाणे हा दर बदलतो, मातीच्या घराला सर्वांत कमी, आरसीसीला सर्वांत जास्त. राहत्या घराचा भारांक 1, धंद्याच्या वापराला त्याहून जास्त.

समजण्यापुरते आकडे घेऊ. 60 चौरस मीटरचं चिऱ्याचं जुनं कौलारू घर. जमीन 500 रुपये, बांधकाम 12,000 रुपये, घसारा निम्मा. जमिनीचे 30,000 आणि बांधकामाचे 3,60,000, मिळून 3,90,000. दर हजारी 75 पैसे धरले तर कर 292 रुपये 50 पैसे. आता त्याच घराचं बांधकाम वर्ष नोंदलेलंच नाही म्हणून घसारा धरला नाही, आणि पुढच्या पडवीवर स्लॅब दिसला म्हणून सगळं घर आरसीसीत टाकलं. मूल्य 7,50,000, आणि दर हजारी 1 रुपया 20 पैसे धरला तर कर 900 रुपये. चोऱ्या आणि पोलीस बाजूला ठेवा, इथे तिप्पट कर दोन चुकीच्या रकान्यांमुळे झाला. नमुना 8मध्ये हे दोन रकाने आधी बघा. त्यानंतर बघा की चौरस फुटांचा आकडा चौरस मीटरच्या रकान्यात पडला आहे का (1 चौरस मीटर म्हणजे 10.76 चौरस फूट, म्हणजे चूक असेल तर थेट दहापट), आणि गोठा, मांगर, पत्र्याची पडवी राहत्या घराच्या दराने धरली आहे का. होमस्टे बंद केला असेल तर वापर बदलून घ्यायला अर्ज द्यावा लागतो, आपोआप काही बदलत नाही. 3 जून 2020च्या निसर्ग वादळात ज्यांचं अर्धं घर पडलं आणि पुन्हा बांधलंच नाही, त्यांनी त्या वेळच्या पंचनाम्याची प्रत जोडून फेरमोजणी मागावी. पडलेल्या खोल्यांची घरपट्टी आजही भरणारे लोक दापोली-मंडणगडकडे आहेत.

आकारणीची यादी लागते तेव्हाच हरकत द्या, लेखी, तारखेचा शिक्का मारलेली पोच घेऊन. ग्रामपंचायतीचा निर्णय मान्य नसेल तर 30 दिवसांत पंचायत समितीकडे अपील. फेरआकारणी दर चार वर्षांनी होते, म्हणजे यंदाची संधी सोडलीत तर तोच चुकीचा आकडा चार वर्षं भरत राहाल. अपील चालू असताना रक्कम ‘हरकतीसह भरणा’ असं पत्र देऊन भरून टाका, थकबाकीदार म्हणून उभं राहण्यात काही फायदा नाही. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका राहत्या घराची घरपट्टी माफ आहे, 2020चा शासन निर्णय आहे. आपल्याकडे घरटी सैनिक असलेली गावं आहेत, तरी तिथेही माफीचा अर्ज न केलेली घरं सापडतात.

भरलीच नाही तर काय, हा तुमचा मूळ प्रश्न. आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्तीचं वॉरंट. प्रत्यक्षात बहुतेक वेळा लोकअदालतीची नोटीस येते आणि लोक तिथे भरून मोकळे होतात. शिवाय दाखले अडतात. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे, मागणी झाल्यावर तीन महिन्यांत कर न भरणारा माणूस ग्रामपंचायत सदस्य म्हणून अपात्र ठरतो, ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 14 वाचा. ‘घरपट्टी भरू नका’ म्हणून सभेत आवाज चढवणाऱ्यांची पावती एकदा मागून बघाच. निवडणुकीला उभं राहायचं असतं म्हणून त्यांची स्वतःची घरपट्टी वेळेवर भरलेली असते, आणि थकबाकीदार ठरून बाद होतात ते त्यांचं ऐकणारे. हा वाद मी अनेकदा घातला आहे, अजूनही घालतो. कर थकवून गाव चालवणाऱ्याला धडा शिकवता येत नाही, आपणच त्याला प्रश्न विचारायच्या रांगेतून बाहेर पडतो.

हे सगळं ग्रामपंचायतीबद्दल लिहिलं. गुहागर, दापोली, लांजा, कणकवलीसारख्या नगरपंचायतीत राहत असाल तर नगरपरिषदांचा 1965चा कायदा लागतो, मुदती वेगळ्या, आणि थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते, तिथे थकवण्याचा विचारही नको. आणि नमुना 8 हा मालकीचा पुरावा नाही. भाऊबंदकीचा वाद असेल तर घरपट्टी कोणाच्या नावाने आहे यावर विसंबू नका.

वाडीने एकत्र यायचं तर 1 मेच्या ग्रामसभेला या. 15 ऑगस्टला चाकरमानी नसतात, मेमध्ये असतात. दोन ठराव मांडा: बंद घरांच्या वाटेवर दिवे आणि कॅमेरे ग्रामनिधीतून, आणि ग्रामरक्षक दलासाठी पोलीस अधीक्षकांना पत्र. मात्र ग्रामसभेत मत त्यालाच, ज्याचं नाव गावच्या मतदार यादीत आहे. मुंबईच्या यादीत नाव ठेवून गावच्या ठरावावर हात वर करता येत नाही, म्हणून कायम गावात राहणाऱ्या शेजाऱ्यांना आणि पोलीस पाटलाला आधी भेटून ठरावाचा मसुदा त्यांच्या हातात द्या.