तिथे बरोबरचं चिन्ह नको

प्रिय,

तुझा कागद मिळाला. 11,000 + 3,000 + 450x = 20,000. ठरलेले खर्च, बचत, 450 ची एक अशा प्रवासाच्या x फेऱ्या, सगळं नीट मांडलं आहेस. मग x = 13.33 आलं आणि तू विचारतेस, फेरीचा तिसरा हिस्सा कसा करायचा?

अगं, घोळ त्या = चा आहे. तिथे ≤ लिही, म्हणजे ‘तेवढं किंवा कमी’. हातात येणारे पैसे ही मर्यादा आहे. ती गाठलीच पाहिजे असं कोणी सांगितलं? ≤ लिहिलंस की तेरा फेऱ्या चालतात, दहाही चालतात, पाचही. चौदावी मात्र 300 ने बाहेर जाते. आणि इथे जवळचा पूर्णांक घ्यायचा नसतो. 13.9 आलं असतं तरी तेराच.

ठरलेले खर्च आणि बचत वजा जाता 6,000 राहतात. त्यातून अडीअडचणीला 1,000 उरायला हवेत म्हणतेस, तर 6,000 − 450x ≥ 1,000, म्हणजे ‘तेवढं किंवा जास्त’. म्हणजे −450x ≥ −5,000. आता ऋण संख्येने भागतेस, तेव्हा चिन्ह फिरव: x ≤ 11.11, अकरा फेऱ्या. फिरवलं नाहीस तर तेच गणित तुला किमान बारा फेऱ्या मारायला सांगेल आणि हाती 600 उरतील. उत्तर मूळ ओळीत घालून बघण्याचा कंटाळा करू नकोस.

अडीअडचणीचे 1,000 तूर्त विसरून, 200 ला एक अशी y पुस्तकं धरलीस तर 450x + 200y ≤ 6,000. x आणि y शून्याखाली जात नाहीत, म्हणून आलेखावर याचा त्रिकोण होतो, आणि त्यातला, काठावरचासुद्धा, प्रत्येक पूर्णांकी बिंदू म्हणजे तुला परवडणारा एक महिना. अमेरिकी गणितज्ञ जॉर्ज डँट्झिगने 1947 मध्ये मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत अशाच आकृत्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून सर्वांत चांगलं उत्तर शोधते. तुला एवढ्यात तिची गरज नाही. तुला ≤ ची आहे.

मुलांच्या वह्यांत = खोडून ≤ लिहीत आले, गुणही कापले. किरकिरी म्हणाले लोक. कापले ते योग्यच होतं. जमाखर्च काठोकाठ भरणाऱ्याला पहिलाच अचानक आलेला खर्च उसनवारीला लावतो. हे वहीतल्या एका चिन्हाने शिकवता येत असेल तर तिथे सूट का द्यायची? खंत एवढीच, की आम्हाला असमानतांचं, म्हणजे या ≤ आणि ≥ चं, प्रकरण परीक्षेपुरतं शिकवलं गेलं, घरखर्चाशी ते कोणी जोडून दाखवलं नाही.

कागद पुन्हा मांड. उजवीकडे हमखास येणारी रक्कम घाल, आशेवरची नको. बचतही s ≥ 3,000 अशी लिही. मग पाठव. पैशांच्या ओळीत = दिसलं तर पुढचं न वाचता परत पाठवीन.