यूव्ही मारूनही बॅक्टेरिया परत कसे उठतात?

प्रश्न: यूव्ही लाइट मारलेल्या पाण्यात नंतर परत बॅक्टेरिया सापडतात म्हणे, मग ते मेलेच नव्हते का?

उत्तर: सगळे नाही मरत हो. यूव्हीमुळे डीएनएमधले शेजारचे दोन थायमिन (डीएनएच्या अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटतात, तिथे कॉपी अडकते आणि वाढ थांबते, पण पेशी लगेच मरतेच असं नाही. गंमत पुढे आहे, ई. कोलायसारख्या बॅक्टेरियांकडे फोटोलायेज नावाचं एन्झाइम असतं, ते साध्या निळ्या उजेडाची एनर्जी घेऊन ती गाठ सोडवतं, तेही काही कापाकापी न करता! (उजेडाने पेशी सावरतात हे १९४९ मध्ये अल्बर्ट केल्नर यांनी दाखवलं.) अंधार असेल तर दुसरी एन्झाइम्स १२-१३ अक्षरांचा खराब तुकडाच कापतात आणि डीएनएच्या समोरच्या धाग्यावरून बघून नवा भरतात. म्हणून डोस कमी पडला की हे परत हजर.