आमची चर्चची मंडळी थंडावली आहे, सुरुवात कुठून करू?

ताई, चर्चच्या कमिटीवर आल्या आल्या संजीवन सभा, म्हणजे विश्वास पुन्हा जागवायच्या मोठ्या सभा, ठरवू नका. बाहेरचा वक्ता, मांडव, स्पीकर: तीन दिवस मंडळी भरते, चौथ्या रविवारी मागचे बाक पुन्हा रिकामे. मी स्वतः हे दोनदा करून बसलोय.

आधी बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, दुसरा अध्याय वाचा. इफिसच्या मंडळीत कष्ट होते, धीर होता, शिकवणही चोख होती. पहिली प्रीती तेवढी सुटली होती. त्या मंडळीला येशूने सांगितलं काय? आठव, पश्चात्ताप कर, पहिली कृत्ये कर.

सध्या एवढंच करा:

- दोघी-तिघींनी आठवड्यातून एकदा प्रार्थनेला बसा. केडगावच्या मुक्ती मिशनमधली १९०५ ची आध्यात्मिक जागृती पंडिता रमाबाईंनी जमवलेल्या प्रार्थनेच्या गटातूनच उभी राहिली.
- येईनाशा झालेल्यांच्या घरी जा. वर्गणीची वही नेऊ नका, उपदेश नको. चहा घ्या, ऐका. आमच्याकडच्या एका आजींनी बायबल उशाशीच ठेवलं होतं. चष्मा फुटला होता, आणि वर्षभर कुणी विचारलंच नव्हतं.
- मंडळीत अबोला असेल तर आधी तो मिटवा. आपला असेल तर आजच.

पाळकांना (पाद्रींना) दोष देत फिरू नका, तेही थकलेले असतात. त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा. तरुण संघ, उपासनेची पद्धत वगैरे सहा महिन्यांनी बोलू.